वजनाचा व्यापार

यंत्र विकत घेताना माणूस त्याची अश्वशक्ती विचारतो, ते कोणत्या कारखान्यात घडले याची चौकशी करतो, तासाला किती सूत काढील, किती ऊस पिळील, किती वाफ देईल याचे तक्ते मागवतो. परंतु तेच यंत्र विकावयास काढले म्हणजे हे सारे प्रश्न मावळून एकच प्रश्न शिल्लक उरतो, आणि तो म्हणजे याचे वजन किती. पन्नास वर्षे अहोरात्र राबलेले बाष्पपात्र आणि कधीही चालू न झालेले, परदेशातून मागवून गोदामात कुजलेले बाष्पपात्र यांची योग्यता काट्यावर सारखीच ठरते. या काट्याभोवती जो व्यवसाय उभा आहे, म्हणजे निरुपयोगी झालेली अवजड सामग्री उचलावी, कापावी, गाडीवर चढवावी, भंगाराच्या वखारीत किंवा थेट भट्टीवर नेऊन रिकामी करावी आणि मधला फरक पदरात पाडावा, त्या व्यवसायाकडे सुशिक्षित समाजाने फारशा आदराने पाहिलेले नाही. तथापि ज्यांना अर्थशास्त्राचे मूळ पाठ पुस्तकाबाहेर गिरवावयाचे असतील त्यांनी मुंबईच्या दारुखान्यात किंवा जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत एक दिवस काढावा, असे आम्हांस प्रामाणिकपणे वाटते.

मुंबईपुरते बोलायचे तर या धंद्याला सर्वांत मोठे घबाड मिळाले ते गिरणगावात. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केलेल्या कंपनीची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली, आणि पुढच्या शंभर वर्षांत लालबाग-परळपासून भायखळ्यापर्यंत ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या इंग्रज कारखानदारांची यंत्रे ओळीने उभी राहिली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लक्ष कामगार बाहेर पडले, कित्येक गिरण्या पुन्हा पूर्णपणे उघडल्याच नाहीत, आणि १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकण्याची वाट मोकळी करून दिल्यावर मालकांच्या दृष्टीने साचे आणि माग ही संपत्ती न राहता जमिनीवरील अडथळा ठरली. या अवजड मालाच्या व्यापाराचे पहिले सूत्र येथेच सापडते. विकणाऱ्याला पुष्कळदा पैशापेक्षा जागा हवी असते. त्याला ठराविक तारखेच्या आत शेड रिकामी करून द्यावयाची असते, आणि घेणाऱ्याचा नफा बव्हंशी या निकडीतून निपजतो. ज्या मालकाला घाई नाही, त्याच्याकडून माल घेऊन कोणी श्रीमंत झाल्याचे ऐकिवात नाही.

मात्र गिरण्यांतली सर्वच यंत्रे वितळवली गेली असे समजू नये. चालण्याजोगे माग भिवंडी-मालेगावकडच्या यंत्रमागधारकांनी उचलले आणि तेथे ते आणखी कित्येक वर्षे खडखडत राहिले. जुन्या मालाचा जाणता व्यापारी प्रथम हाच निवाडा करतो की अमुक वस्तू यंत्र म्हणून विकली जाईल की लोखंड म्हणून. चालू स्थितीतील विद्युतजनित्र, बरी पेटी असलेला लेथ, दात न झिजलेला गिअरबॉक्स यांना वजनाच्या भावाने भट्टीत घालणे हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार होय. उलट जो माल कोणी चालवणार नाही तो गिऱ्हाइकाची वाट पाहत दोन वर्षे पावसात ठेवणे हा त्याहून मोठा. पितळी झडपा, वाफेचे दर्शक, बेअरिंगे, साखळ्या, तुळया असा जो जो भाग पुन्हा वापरण्याजोगा असेल तो आधी सोडवून घ्यावयाचा, आणि ज्याला कोणीच वाली नाही तेवढाच भाग काट्यावर चढवावयाचा, ही या धंद्याची रूढ रीत आहे.

काट्यावर चढलेल्या लोखंडाला मात्र वाली मिळतोच. मराठवाड्यातील जालन्याच्या आसपास लोहखनिजाची खाण नाही, दगडी कोळशाची नाही, बंदर तर शेकडो कोस दूर. असे असूनही ते शहर बियाण्यांइतकेच घरबांधणीच्या सळ्यांसाठी विख्यात झाले, त्याचे कारण तेथील विद्युतभट्ट्या मुख्यतः भंगार आणि स्पंज लोह यांवर चालतात. देशाच्या ज्या भागात जे जे मोडले ते तेथे येते, वितळते, बिलेट होते आणि सळई होऊन पुन्हा बाहेर पडते. केंद्र सरकारने २०१९ मध्ये पोलाद-भंगाराच्या पुनर्वापराचे जे धोरण प्रसिद्ध केले त्यात असे नमूद आहे की, एक टन भंगार वितळविल्याने १.१ टन लोहखनिज, ६३० किलो कोकिंग कोळसा आणि ५५ किलो चुनखडी वाचते. म्हणजे भट्टीवाल्याला भंगार हवे असते ते परोपकारबुद्धीने नव्हे; खनिजातून प्राणवायू काढून टाकण्याचे कष्ट पूर्वी कोणीतरी करून ठेवले आहेत, आणि त्या कष्टांचे आयते फळ त्याला विकत मिळते.

माल हाती येण्याचा राजमार्ग लिलावाचा. १९६४ साली कलकत्त्यास स्थापन झालेली एमएसटीसी ही सरकारी कंपनी सरकारी खाती, सार्वजनिक उपक्रम, वीजमंडळे आणि संरक्षण दले यांची निकामी सामग्री विकण्यासाठी आज संगणकावरून लिलाव पुकारते. रेल्वेने आपली स्वतंत्र व्यवस्था केली आहे. पूर्वी आवारात खुर्च्या मांडून, हातोडा आपटून, एकमेकांच्या चेहऱ्याकडे चोरून पाहत जी बोली चाले, ती आता घरबसल्या चालते. परंतु अटींची भाषा फारशी बदललेली नाही. माल ‘जसा आहे तसा, जेथे आहे तेथे’ विकला जातो. नंतरची कोणतीही तक्रार ऐकली जात नाही. बोलीपूर्वी अनामत रक्कम भरावी लागते. बोली मंजूर झाल्यावर उरलेली रक्कम मुदतीत न भरल्यास अनामत सरकारजमा होते. आणि माल उचलण्याची मुदत टळली की जागेचे भाडे सुरू होते. या सर्व कलमांत नवख्याचा घात करणारे कलम एकच, आणि ते म्हणजे माल वजनाने विकला आहे की ढिगाने. वजनाने घेतलेल्या मालात अंदाज चुकला तरी जेवढे भरले तेवढ्याचेच पैसे द्यावयाचे असतात. ढिगाने घेतलेल्या मालात मात्र अंदाज हेच भांडवल, आणि अंदाज चुकला तर तेच कर्ज.

येथे एक जुनी हकिकत आठवते, ती सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १९२५ साली व्हिक्टर लुस्टिग नावाच्या ठकाने सरकारी अधिकाऱ्याचे सोंग घेऊन पॅरिसच्या भंगार-व्यापाऱ्यांना एका प्रतिष्ठित हॉटेलात पाचारण केले, आयफेल मनोऱ्याची देखभाल सरकारला झेपत नाही, सबब तो मोडून विकावयाचा आहे, असे गुप्ततेच्या शपथा घालून सांगितले, आणि त्यांतील एका उतावळ्या व्यापाऱ्याकडून रक्कम उकळून पलायन केले. फसलेला व्यापारी लाजेने पोलिसांकडे गेलाच नाही. या गोष्टीला लोक हसतात. परंतु मनोऱ्यातील सात हजार टनांहून अधिक लोखंड एका वेळी, एका जागी, एकाच विक्रेत्याकडून मिळते आहे असे कानी पडल्यावर त्या व्यापाऱ्याच्या मनाची काय अवस्था झाली असेल, हे या धंद्यातील कोणाही माणसाला सहज उमगावे. मालाचा मालक खरोखर कोण आहे याचे दस्तऐवज आधी पाहावेत, हा नियम त्यापूर्वीही होताच.

आता पाहणीकडे वळू; कारण व्यापाऱ्याचे खरे पांडित्य येथे प्रकट होते. काटा जवळ नसताना वजन कसे काढावयाचे? एक चौरस मीटर क्षेत्रफळाच्या आणि एक मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे वजन ७.८५ किलो असते. एवढा एक आकडा पाठ असला आणि खिशात मोजपट्टी असली म्हणजे पुष्कळ काम भागते. उदाहरणार्थ, जुन्या गिरण्यांत आणि साखर कारखान्यांत आढळणारा लँकेशायर पद्धतीचे बाष्पपात्र घ्या. त्याची लांबी ९ मीटर, व्यास २.४ मीटर आणि पत्र्याची जाडी १५ मिलिमीटर धरली तर बाहेरच्या कवचाचे क्षेत्रफळ सुमारे ६८ चौरस मीटर होते; दर चौरस मीटरला सुमारे ११८ किलो या हिशेबाने नुसते कवचच आठ टनांचे भरते. आतून आरपार जाणाऱ्या दोन अग्निनळ्या पाचेक टनांच्या, दोन्ही तोंडांच्या चकत्या टनभराच्या, म्हणजे चौदा टनांचा अंदाज जागच्या जागी उभा राहतो. मग त्यातून वजा करावयाचे, आणि ते वजा करणेच अधिक बिकट. आत साचलेला क्षार किती, गंजाने पत्रा किती खाल्ला, भोवतीच्या विटांचे बांधकाम कोणी काढावयाचे, पायाच्या काँक्रीटमध्ये रुतलेले खिळे तोडून देण्याची जबाबदारी कोणाची, हे प्रश्न कागदावर दिसत नाहीत. याशिवाय बाष्पपात्राच्या अंगावरचे जुने पांढरे लेपन बहुधा ॲस्बेस्टॉसचे असते. ते कोरडेच खरवडण्यासाठी मजूर लावणे म्हणजे त्यांच्या फुप्फुसांचा लिलाव करण्यासारखे आहे, आणि तरीही ते सर्रास केले जात आले आहे.

लोखंडाखेरीज इतर धातू कोठे दडले आहेत हे ओळखणे ही पाहणीची दुसरी बाजू. तांब्याचा भाव पोलादी भंगाराच्या वीसपटीच्या घरात असतो. त्यामुळे विद्युतमोटारीतील वेटोळी, रोहित्राच्या आतील गुंडाळ्या, उष्णता-विनिमयकातील नळ्या आणि जमिनीखालून गेलेली केबल यांवर अनुभवी माणसाची नजर प्रथम जाते. विकणाऱ्या संस्थेचा भांडारपाल यंत्रांची यादी करताना ‘मोटार, नग एक’ एवढेच लिहितो, कारण त्याच्या दप्तरात तिची किंमत घसाऱ्याने केव्हाच शून्य झालेली असते. घेणारा मात्र त्या एका नगात तांबे किती निघेल याचे गणित मनातल्या मनात करून गंभीर चेहऱ्याने पुढच्या नगाकडे वळतो.

बोली जिंकली, रक्कम भरली, माल सोडण्याचा लेखी हुकूम हाती आला, आणि मुकादम आपली टोळी घेऊन आवारात शिरला म्हणजे शारीरिक पराक्रमाचा अध्याय सुरू होतो. अखंड यंत्र उचलणे क्वचितच परवडते. म्हणून ते गॅस कटरने कापावयाचे. या कापण्यात ज्वाला लोखंड वितळवते असा सर्वसाधारण समज आहे, पण वस्तुस्थिती निराळी. ज्वालेचे काम लोखंड लालभडक करण्यापुरते. त्यानंतर प्राणवायूचा जो झोत सोडतात त्यात लोखंड अक्षरशः जळते, आणि त्याची जळती राख, म्हणजे लोह-ऑक्साइड, पोलादाहून कमी उष्णतेस वितळत असल्याने झोताबरोबर वाहून जाते. हीच युक्ती बिडावर चालत नाही, कारण बिडातील कार्बनामुळे ते जळण्याआधी वितळू लागते आणि काप नीट होत नाही. म्हणून यंत्राचे ओतीव पाये, गतिपालक चाके आणि उसाच्या चरकाचे रूळ घणाने किंवा क्रेनवरून जड गोळा आपटून फोडावे लागतात; बीड ठिसूळ असल्याने ते फुटते खरे, पण फुटताना तुकडा कोणाच्या दिशेने उडेल हे सांगता येत नाही. भट्टीच्या तोंडात मावतील एवढे तुकडे जागेवरच केले तर भाव अधिक मिळतो. लांब तुकडे तसेच नेले तर गाडीत पोकळी राहते आणि पोकळीचेही भाडे द्यावे लागते.

तुकडे हायड्रा क्रेनने गाडीत पडतात आणि मग वजनकाट्याची पाळी येते. रिकामी गाडी आधी तोलावयाची, भरलेली नंतर, आणि दोहोंतील अंतर म्हणजे माल, इतका हा सरळ हिशेब. परंतु मनुष्यस्वभाव इतका सरळ नसल्याने रिकामी गाडी तोलताना तीत दगड, पाण्याची पिंपे किंवा दोन जादा माणसे असणे आणि भरलेली तोलताना ती नाहीशी झालेली असणे, हा प्रकार काट्याच्या शोधाइतकाच जुना असावा. राज्याची वैधमापनशास्त्र यंत्रणा काटे तपासून मुद्रांकित करते. गाडीत कोण बसले आहे हे पाहण्याचे काम मात्र विकणाऱ्याच्या कारकुनाचे. रस्त्यावरच्या मर्यादा निराळ्याच आहेत. २०१८ च्या सुधारित मर्यादेनुसार तीन आसांच्या दहाचाकी मालमोटारीचे मालासह एकूण वजन २८.५ टनांपेक्षा अधिक असता कामा नये. गाडीचे स्वतःचे नऊ-दहा टन वजा जाता अठरा-एकोणीस टन माल उरतो. लोखंड इतके घन असते की गाडी निम्मीदेखील भरलेली दिसत नाही तोच मर्यादा गाठली जाते, आणि नेमका तेथेच मालकाचा मोह जागा होतो. न कापता येणारे अखंड धूड न्यावयाचे तर सखल बैठकीचा ट्रेलर, परिवहन खात्याचा विशेष परवाना, आणि वाटेतील पूल, विजेच्या तारा व रेल्वेच्या कमानी यांची उंची आधी मोजून येणारा माणूस, एवढा सरंजाम करावा लागतो.

या सर्वांत मिळते काय? समजण्यापुरते काही गोल आकडे घेऊ. बाजारभाव रोज बदलतो, म्हणून वाचकांनी प्रमाणाकडेच लक्ष द्यावे, आणि कर तूर्त बाजूला ठेवावेत. १८ टन माल किलोला २४ रुपयांनी घेतला आणि भट्टीवर ३० रुपयांनी दिला, तर खरेदी ४,३२,००० रुपयांची, विक्री ५,४०,००० रुपयांची आणि फरक १,०८,००० रुपयांचा दिसतो. कापण्याचा गॅस आणि मजुरी किलोला २ रुपये म्हणजे ३६,०००, क्रेन आणि भराई १२,०००, मुंबईहून जालन्यापर्यंतचे भाडे किलोला २ रुपये म्हणजे आणखी ३६,००० धरले की हाती २४,००० राहतात. भट्टीवाला गंज, माती आणि तेल यांपोटी दोन टक्के घट कापतो, ती १०,८०० रुपयांची. उरले १३,२००, म्हणजे किलोमागे पाऊण रुपयाहून किंचित कमी, आणि त्यात गुंतलेल्या रकमेचे व्याज अद्याप धरलेले नाही. त्याच गाडीत ६० किलो तांबे निघाले आणि ते किलोला ६०० रुपयांनी वेगळे विकले गेले तर लोखंडाचा भाव वजा जाता सुमारे ३४,००० रुपयांची भर पडून नफा तिपटीच्या पुढे जातो. उलट १८ टनांतील एक टन काँक्रीट निघाले तर ३०,००० रुपये बुडून सौदाच तोट्यात जातो. अंतर हा याच हिशेबातील निष्ठुर घटक आहे: भाव दोन्ही टोकांना ठरलेला, मधला रस्ता जितका लांब तितका नफा आखूड. म्हणून आमच्या मते या धंद्यातील नफा गाडी हलल्यानंतर होत नाही; तो पाहणीच्या दिवशीच झालेला किंवा बुडालेला असतो, गाडी फक्त त्याची पावती घेऊन येते.

दूरच्या मालाच्या मोहाने केवढे अनर्थ होऊ शकतात याचा एक विलक्षण दाखला दक्षिण अटलांटिक महासागरात आहे. कोन्स्तांतिनो दाविदोफ या अर्जेंटिनाच्या भंगार-व्यापाऱ्याने १९७९ साली एडिंबराच्या एका कंपनीशी करार करून दक्षिण जॉर्जिया बेटावरील देवमाशांच्या शिकारीची ओसाड ठाणी मोडून नेण्याचा हक्क मिळवला. मार्च १९८२ मध्ये त्याची माणसे अर्जेंटिनाच्या नौदलाच्या जहाजातून तेथे उतरली, त्यांनी आपल्या देशाचा ध्वज उभारला, ब्रिटनने हरकत घेतली, आणि दोन आठवड्यांच्या आत फॉकलंडचे युद्ध पेटले. युद्धाची कारणे अर्थातच खोल आणि जुनी होती. पण ठिणगी पडली ती बाष्पपात्रे आणि तेलाच्या टाक्या उचलण्याच्या निमित्ताने.

अवजडपणाची परिसीमा जहाजात होते, आणि जहाजाची सोय अशी की ते स्वतःच तरंगत भंगारात जाते. भारतीय नौदलात ४ मार्च १९६१ रोजी दाखल झालेली, १९७१ च्या युद्धात पूर्व किनाऱ्यावर पराक्रम गाजवलेली आणि ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झालेली ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका कित्येक वर्षे मुंबईत तरते संग्रहालय होती. पुढे देखभालीचा खर्च आणि सुरक्षिततेचा प्रश्न पुढे करून ती लिलावात काढली गेली आणि ६० कोटी रुपयांना विकली गेली. न्यायालयीन लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तो ऑगस्ट २०१४ मध्ये संपला, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात दारुखान्याच्या किनाऱ्यावर तिच्या अंगावर पहिला कटर चालला. तिच्या पोलादाचा काही अंश पुण्याच्या बजाज ऑटोने घेऊन २०१६ मध्ये एका मोटारसायकलीत वापरला व जाहिरातही तशीच केली. नौदलाची ‘विराट’ ही विमानवाहू नौका तिच्याहून मोठी. पूर्ण भारानिशी तिचे विस्थापन २८,७०० टन, ‘विक्रांत’चे १९,५००. तरीही ‘विराट’ला ३८.५४ कोटी रुपयेच आले. विस्थापनात इंधन, पाणी आणि विमानेही मोजली जात असल्याने हे निव्वळ धातूचे वजन नव्हे. पण तोच गज दोघींना लावला तर एकीला किलोमागे सुमारे ३१ रुपये पडतात आणि दुसरीला साडेतेराच्या आसपास. वर्ष निराळे, बाजार निराळा, आणि दुसरीला सप्टेंबर २०२० मध्ये मुंबईहून ओढनौकेच्या साहाय्याने गुजरातेतील अलंगला न्यावे लागले. अलंगची थोरवी अशी की तेथे भरती-ओहोटीतील अंतर फार मोठे असून किनारा सपाट आहे. मोठ्या भरतीला जहाज वेगाने किनाऱ्यावर चढवावयाचे आणि ओहोटीला ते कोरडे पडले की कापावयास घ्यावयाचे. १९८३ पासून हे काम तेथे चालू आहे. परंतु तेथेही सर्वच जहाजे पोचत नाहीत: फ्रान्सची ‘क्लेमान्सो’ ही विमानवाहू नौका डिसेंबर २००५ च्या अखेरीस अलंगकडे निघाली, तिच्या पोटातील ॲस्बेस्टॉसवरून दोन्ही देशांत गदारोळ उठला, आणि फेब्रुवारी २००६ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी ती अर्ध्या जगातून माघारी बोलावली. अखेर ती इंग्लंडमधील हार्टलपूल येथे मोडली गेली. भंगारात न विकले गेलेले भंगार किती महाग पडते याचा तो वस्तुपाठ होता.

नफ्याच्या या हिशेबात एक रकाना नेहमी कोरा राहतो, आणि तो कापणाऱ्याच्या अंगाचा आहे. बंद टाकीत राहिलेले थोडेसे तेल किंवा पाणी कटरच्या उष्णतेने किंवा भट्टीच्या तोंडात स्फोटासारखे फुटते. सप्टेंबर २००४ मध्ये गाझियाबादजवळच्या पोलाद कारखान्यात आयात केलेल्या भंगारातून आलेले तोफगोळे फुटून दहा कामगार मृत्युमुखी पडले. युद्धभूमीवरचे लोखंड स्वस्त का मिळते हे तेव्हा कळले. त्याहून भयंकर प्रकरण २०१० सालचे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कोबाल्ट-६० हे किरणोत्सारी द्रव्य असलेले एक उपकरण १९८५ पासून न वापरता पडून होते. ते शिशाने वेढलेले, म्हणून अतिशय जड, आणि म्हणूनच भंगारवाल्यांच्या दृष्टीने अतिशय आकर्षक. फेब्रुवारी २०१० मध्ये इतर निकामी मालाबरोबर त्याचाही लिलाव झाला, मायापुरीच्या भंगारबाजारात ते फोडले गेले, आतील कोबाल्टच्या कांड्या हातोहात फिरल्या, कित्येकांना भाजल्यासारख्या जखमा झाल्या आणि एप्रिलअखेर एका कामगाराचा मृत्यू झाला. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात सोडून दिलेल्या इस्पितळातील किरणोपचाराचे यंत्र असेच भंगारात गेले होते आणि चार जण दगावले होते. तेवीस वर्षांनी तोच प्रकार एका विद्यापीठाच्या हातून व्हावा याला अज्ञान म्हणणे आम्हांस जड जाते. भंगारवाल्याला त्या उपकरणावरील खुणेचा अर्थ ठाऊक नव्हता हे क्षम्य आहे. ज्यांनी ते मागवले, त्यावर प्रयोग केले आणि त्याच्या पावत्या दप्तरी लावल्या, त्यांना तो ठाऊक नसणे क्षम्य नाही.

आपल्याकडे या व्यापाराला हक्काची जागा देण्याबाबतही हीच उदासीनता आढळते. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांचे भंगार कित्येक वर्षे कुदळवाडीत उतरत असे. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तेथील शेड मोठ्या प्रमाणावर जमीनदोस्त केल्या. बांधकामे बेकायदा असतील, आगी लागत असतील, धूर होत असेल, हे सर्व मान्य. पण कारखाने चालू आहेत तोवर त्यांचे भंगारही निघत राहणार, आणि ते कोठेतरी उतरणारच. शहराच्या नकाशात कारखान्याला जागा दाखवताना त्याच्या मोडीलाही जागा दाखवली पाहिजे, हे आमचे स्पष्ट मत आहे.

ज्या वाचकांच्या शाळेत, महाविद्यालयात, इस्पितळात किंवा सहकारी संस्थेत जुनी यंत्रे झाकून ठेवलेली असतील त्यांना एवढीच विनंती की, लिलावाची नोटीस काढण्यापूर्वी प्रत्येक यंत्रावरील पाटी स्वच्छ पुसून वाचावी; मोटारी, रोहित्रे आणि केबली यांची स्वतंत्र यादी करून त्या लोखंडाच्या ढिगातून वगळाव्यात; माल ढिगाने न विकता वजनाने विकावा आणि काट्यावर आपला माणूस उभा करावा. पाटीवर तीन पात्यांची किरणोत्साराची खूण दिसली तर यंत्राला हात न लावता मुंबईच्या अणुशक्तीनगरातील अणुऊर्जा नियामक मंडळास कळवावे; असल्या उपकरणाची विल्हेवाट त्याच्या परवानगीवाचून लावता येत नाही.